हाताशी दोनच प्रकारची काडतुसे असताना

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून एकटी राहते. पतीच्या निधनानंतर त्यांचे रिव्हॉल्व्हर परवान्यासह रीतसर माझ्या नावावर झाले आहे. ते .३८ स्पेशलचे, दोन इंची नळीचे, पाच काडतुसांचे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याचे आहे. विक्रेत्याकडे सध्या दोनच प्रकारची काडतुसे मिळतात : १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोल टोकाची शिशाची आणि १४८ ग्रेनची, सपाट टोकाची वॉडकटर. दोन्ही मिळून मला वर्षाला १०० काडतुसे घेता येतात. वॉडकटर केवळ कागदी लक्ष्यावर मारण्यासाठी असतात, असे सगळे सांगतात. घरात पतीने ठेवलेली पोकळ टोकाची १८ काडतुसे आहेत; त्यांतली काही कातडी पट्ट्यात खोचलेली आणि काही डबीत आहेत, डबीवर ‘प्लस पी’ असे छापले आहे. भाचा म्हणतो, शिशाच्या गोळीच्या टोकावर चाकूने फुलीची चीर दिली की ती पोकळ टोकासारखीच काम करते. एक परिचित म्हणतात, .३५७ मॅग्नमची गोळी त्याच मापाची असते, ती घ्या. माझे उजवे मनगट दुखते. मी काय भरून ठेवावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण शस्त्र हाती आल्यावर आधी प्रश्न विचारलात आणि काडतुसे मागाहून भरायचे ठरवलेत, याबद्दल मला आपला आदर वाटतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो आणि मग त्याची कारणे देतो : आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये १४८ ग्रेनची वॉडकटर भरा, जादा पाच काडतुसे गोल टोकाची ठेवा, पोकळ टोकाची जुनी काडतुसे वापरातून काढून टाका, आणि भाच्याचा व परिचितांचा असे दोन्ही सल्ले कायमचे बाजूला ठेवा.

मॅग्नमचा विषय जिवाशी खेळणारा आहे, म्हणून तो पहिल्यांदा. आपले परिचित अर्धे खरे बोलत आहेत. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन्हींतल्या गोळीचा व्यास खरोखरच सारखा, म्हणजे इंचाचे ३५७ सहस्रांश एवढाच असतो. ‘३८’ हा आकडा जुन्या पद्धतीने पुंगळीच्या, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळकांड्याच्या, बाहेरच्या मापावरून आलेला आहे. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल निर्धोकपणे चालते, परंतु याच्या उलट कधीही करायचे नसते. १९३० च्या दशकात मॅग्नम काडतूस तयार झाले, तेव्हा त्याची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटरने मुद्दाम लांब ठेवली गेली, ती याच कारणासाठी की ते .३८ च्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसे बसवायच्या फिरत्या भागात, पूर्ण बसू नये. .३८ स्पेशलसाठी दाबाची कमाल मर्यादा प्रतिचौरस इंच १७ हजार पौंड आहे, ‘प्लस पी’ या वाढीव दाबाच्या काडतुसासाठी २० हजार, तर मॅग्नमसाठी ३५ हजार. काही जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या सिलिंडरची भोके आरपार सारख्याच व्यासाची असतात आणि त्यांत लांब काडतूसही शिरते. म्हणून ‘बसले म्हणजे चालेल’ ही कसोटी कधीच लावू नका. दुप्पट दाब आपल्या हाताच्या पंज्यापासून बोटभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात कोंडायचा, हा विचारच मनातून काढून टाका.

याच संदर्भात आणखी एक खबरदारी घ्यावी. डबीवर ‘.३८’ आणि ‘स्पेशल’ असे दोन्ही शब्द आहेत ना, ते स्वतः वाचून पाहावे. १८७७ पासून चालत आलेले ‘.३८ एस अँड डब्ल्यू’ नावाचे एक वेगळेच काडतूस आहे. त्याची पुंगळी आखूड आणि किंचित जाड असते, गोळीही थोडी मोठी असते, आणि ब्रिटिश लष्कराच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांमुळे ते अजूनही ठिकठिकाणी आढळते. ‘.३८ द्या’ एवढेच म्हटले, तर हाती चुकीची डबी पडू शकते.

आता भाच्याच्या फुलीविषयी. मुलाचा हेतू चांगला आहे, हे मी जाणतो. ही कल्पना जुनी आहे आणि तिच्यामागे इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात टोक उघडे ठेवलेल्या रायफलच्या गोळ्या बनल्या, त्यांवरून अशा गोळ्यांना ‘दमदम’ हे नाव पडले, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास बंदी घातली. ती बंदी युद्धापुरती आहे. नागरिकांसाठी पोकळ टोकाची गोळी कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे ज्या-त्या प्रदेशाचा कायदा ठरवतो, आणि आपल्या परवान्याच्या अटी त्या दृष्टीने आपण एकदा वाचून घ्याव्यात. परंतु चाकूने चिरलेली गोळी ही कारखान्यात घडवलेल्या पोकळ टोकाच्या गोळीसारखी मुळीच नसते. रायफलच्या गोळीचा वेग फार मोठा असतो. आपल्या दोन इंची नळीतून निघणाऱ्या गोळीचा वेग इतका कमी असतो की चिरलेले शिसे उमलेलच याची काहीही हमी नाही. उलट चिरा समान खोलीच्या होत नाहीत, गोळीचा तोल जातो आणि ती नेम सोडून भरकटते. काडतूस चिमट्यात धरून चिरताना गोळी पुंगळीत आत ढकलली गेली, तर दारूसाठी असलेली जागा कमी होऊन दाब वाढतो, आणि तो किती वाढेल, हे घरी बसून कोणालाही मोजता येत नाही. तांब्याच्या आवरणाच्या गोळीवर हाच प्रयोग केला, तर आवरण नळीत अडकून मागे राहू शकते. कारखान्यातून आलेल्या काडतुसाला हत्यार लावायचे नाही, हा नियम मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून पहिल्याच दिवशी वदवून घेतो.

पतीने ठेवलेल्या १८ काडतुसांशी आपल्या भावना जोडलेल्या असणार, म्हणून त्यांविषयी जरा सविस्तर लिहितो. काडतूस केवळ जुने आहे म्हणून वाईट ठरत नाही. थंड आणि कोरड्या जागी डबीत राहिलेले कारखान्याचे काडतूस कित्येक दशके चांगले राहते. नुकसान करतो तो कातडी पट्टा. कातडे कमावताना वापरलेल्या रसायनांचा पितळेशी संयोग होतो आणि पुंगळीवर हिरवट, किंचित मेणचट असा कळंक धरतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, तशीच ही गोष्ट आहे. त्यांतले एक काडतूस उजेडात धरून नखाने हलकेच खरवडून पाहा. हिरवे निघाले आणि खाली गुळगुळीत पितळ लागले, तर नुकसान वरवरचे आहे. खड्डे लागले, तर पुंगळी कमकुवत झाली आहे. कळंकाचा थर सिलिंडरच्या घरात काडतूस पूर्ण बसू देत नाही, आणि उडवल्यानंतर पुंगळी तेथेच घट्ट चिकटून बसते.

पट्ट्यातली बाद केली, तरी डबीतली का नकोत, असे आपण विचाराल. त्याचे पहिले कारण ‘प्लस पी’ हे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याची कित्येक जुनी रिव्हॉल्व्हर या वाढीव दाबासाठी बनवलेली नव्हती. निर्मात्याच्या पुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी छापलेली असेल किंवा नळीवर ‘प्लस पी’ असे कोरलेले असेल, तरच ती चालतात. आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून मी नकार गृहीत धरतो. दुसरे कारण आपले मनगट. अशा रिव्हॉल्व्हरचे वजन रिकामे असताना सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरते, आणि शस्त्र जितके हलके तितका हाताला बसणारा झटका मोठा. तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निर्णायक कारण असे की १८ काडतुसांत चाचणी होत नाही. दहा-पंधरा उडवून खात्री करायची म्हटले, तर भरून ठेवायला काही उरत नाही. आणि न उडवता भरायची, तर आपण केवळ छापील डबीवर विश्वास टाकतो आहोत.

पोकळ टोकाची गोळी आखूड नळीत भरवशाची का नसते, हेही समजून घ्यावे, म्हणजे ती हातची गेल्याची हळहळ वाटणार नाही. ही गोळी उमलण्यासाठी तिला पुरेसा वेग लागतो. चार इंची नळीच्या तुलनेत दोन इंची नळीतून .३८ स्पेशलचा वेग साधारणपणे सेकंदाला १५ ते ३० मीटरने घटतो, आणि उमलण्यासाठी लागणारी शिल्लक नेमकी तिथेच संपते. त्यातच जाड कापडातून जाताना टोकाच्या खळग्यात धाग्यांचा बोळा ठासून बसतो, आणि मग पोकळ टोकाची गोळी साध्या बोथट गोळीसारखीच वागते. अलीकडे आखूड नळीसाठी खास रचलेल्या काही गोळ्यांनी ही अडचण बरीच दूर केली आहे; आपल्याला त्या मिळत असत्या, तर माझे उत्तर कदाचित वेगळे असते. पण मिळत नाहीत, आणि आपल्याला निर्णय हाती असलेल्या वस्तूंतूनच करायचा आहे.

मग या दोन प्रकारांत फरक काय? गोल टोकाचे १५८ ग्रेनचे काडतूस म्हणजे .३८ स्पेशलचे मूळ रूप. १८९८ च्या सुमारास हे काडतूस आले आणि नंतर अनेक दशके अमेरिकी पोलिसांच्या कमरेला तेच होते. १५८ ग्रेन म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅम. या गोळीची तक्रार अशी होती की गुळगुळीत गोल टोक वाटेतल्या मांसपेशी बाजूला सारत निघून जाते, मागे बारीक वाट ठेवते, आणि पुष्कळदा आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला धोका निर्माण करते. यावर तोडगा म्हणून पुढे १५८ ग्रेनचीच, पण मऊ शिशाची आणि पोकळ टोकाची ‘प्लस पी’ गोळी आली. अमेरिकेच्या एफबीआयने ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस स्वीकारली आणि पुढे तिला त्याच संस्थेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. गोल टोकाच्या गोळीवर समाधान नव्हते, याचा हा पुरेसा पुरावा आहे.

वॉडकटरचे टोक सपाट असते, किंबहुना त्याला टोकच नसते. १४८ ग्रेनचे, म्हणजे सुमारे ९.६ ग्रॅमचे, शिशाचे नळकांडे पुंगळीच्या तोंडाशी सपाट होईपर्यंत आत बसवलेले असते. कागदावर ते जणू पंचिंग मशीनने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते, आणि त्याच कामासाठी ते निर्माण झाले. लोक आपल्याला सांगतात ते यापुरते खरे आहे. पण ज्या धारेमुळे कागद स्वच्छ कापला जातो, तीच धार इतरत्रही कापते. ती गोल टोकासारखी बाजूला सारून जात नाही. वेग कमी असतो, सेकंदाला सुमारे २०० मीटर, तरीही गोळी उमलत नसल्यामुळे तिचा जोर पसरण्यात खर्च होत नाही आणि ती पुरेशी खोल जाते. खोलीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर १९८६ सालच्या मायामीतल्या चकमकीत आहे. त्या दिवशी एफबीआयचे दोन अधिकारी मृत्युमुखी पडले आणि पाच जखमी झाले. हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली एक गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला. त्यानंतर त्या संस्थेने १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि कमाल १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंटिमीटर, शिरकाव हा निकष ठरवला, आणि आजही काडतुसे त्याच मोजपट्टीने पारखली जातात. आखूड नळीतून वॉडकटर सामान्यतः या निकषाला उतरते, आणि म्हणूनच हलकी, आखूड रिव्हॉल्व्हर बाळगणारे कित्येक अनुभवी प्रशिक्षक ते स्वतःही भरतात. आपण ते भरले, तर कोणी हसण्याचे कारण नाही.

तरीही माझ्या लेखी वॉडकटरचा सर्वांत मोठा गुण त्याच्या धारेत नसून त्याच्या सौम्यपणात आहे. पिस्तुलाच्या किंवा रिव्हॉल्व्हरच्या गोळीने माणूस उडून पडतो, हे केवळ पडद्यावर घडते. हातात मावणारे कोणतेही शस्त्र हे कमी शक्तीचे शस्त्र असते, आणि त्याचा उपयोग होतो तो गोळी जिथे लागायला हवी तिथे लागली तरच. एक पुरली नाही, तर दुसरीही तिथेच लागली पाहिजे. दुखऱ्या मनगटाने सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून जोरकस काडतूस उडवणारी व्यक्ती तिसऱ्या गोळीपासून चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागते आणि नळी खाली झुकवू लागते. हे मी वयाने, शरीराने धडधाकट असलेल्या पुरुषांतही पुनःपुन्हा पाहिले आहे. वॉडकटरचा झटका इतका मवाळ असतो की आपण एका सरावात वीस-पंचवीस काडतुसे सहज उडवू शकाल, आणि सराव करावासा वाटणे हीच एक मोठी गोष्ट आहे.

वॉडकटरचा एक दोष मात्र खरा आहे. पुढे टोक नसल्यामुळे घाईत सिलिंडरच्या भोकात ते नेमके बसवणे अवघड जाते. सपाट कडा भोकाच्या कडेला अडखळते. म्हणूनच मी वर सुचवले की सिलिंडरमध्ये वॉडकटर आणि जादा म्हणून रबरी पट्टीत गोल टोकाची पाच ठेवावीत. ती आपोआप भोकात घसरतात. दोन्ही वजनांत अवघ्या दहा ग्रेनचा फरक असल्यामुळे नेमात जवळच्या अंतरावर फारसा फरक पडू नये, पण तो पडत नाही ना, हे आपल्याच शस्त्रावर पाहायला हवे. सर्वसाधारण नियम असा की जड गोळी नळीत थोडा अधिक काळ राहते, तेवढ्यात झटक्याने नळी वर उचललेली असते, आणि म्हणून गोळी वर लागते. हलकी गोळी खाली लागते. स्थिर माशीची (नेम धरण्यासाठी नळीवर असलेल्या खुणेची) बहुतेक .३८ रिव्हॉल्व्हर १५८ ग्रेनला धरून जुळवलेली असतात. सात मीटरवर कागद लावून, हात टेकवून, दोन्ही प्रकारची पाच-पाच उडवा आणि दोन्ही घोळके तळहाताच्या मापात एकमेकांवर पडतात का, ते पाहा.

वर्षाची १०० काडतुसे कशी वाटावीत, याविषयी माझे मत असे आहे की ७० वॉडकटर आणि ३० गोल टोकाची घ्यावीत, शक्य झाल्यास प्रत्येक प्रकार एकाच लॉट क्रमांकाचा घ्यावा, आणि दोन्ही प्रकारांतली दहा-दहा अगदी अस्पर्शित ठेवावीत. चाचणीची सुरुवात गोळी न उडवता करायची असते. प्रशिक्षकासमोर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, प्रत्येक काडतूस सिलिंडरच्या भोकात टाकून पाहा. ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत गेले पाहिजे आणि उलटे केल्यावर तसेच बाहेर आले पाहिजे. मग त्याचा बूड बोटाच्या टोकाने चाचपा. मधला प्रायमर, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणारी छोटी टोपी, बुडाच्या पातळीला किंवा केसभर खाली असावा. तो वर उचललेला लागला, तर सिलिंडर फिरताना घासून अडेल, आणि असे काडतूस सरावालाही नको.

उडवताना दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. पहिली म्हणजे गोळी पुढे सरकणे. हलक्या रिव्हॉल्व्हरला झटका बसतो तेव्हा पुंगळी शस्त्रासोबत मागे खेचली जाते आणि जड गोळी जागच्या जागी राहू पाहते. पुंगळीच्या तोंडाची पकड सैल असेल, तर प्रत्येक बारासरशी उरलेल्या काडतुसांतली गोळी किंचित पुढे येते, आणि शेवटी ती सिलिंडरच्या बाहेर डोकावून सांगाड्याला अडते. मग चाप ओढला जात नाही आणि सिलिंडरही उघडत नाही. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका गृहस्थांचे रिव्हॉल्व्हर चौथ्या बारानंतर असे अडकले. आम्ही ते वाकून पाहिले, तर पुढच्या फटीत शिशाची एक करडी चकचकीत कड दिसत होती, जेमतेम नखाएवढी, आणि तेवढ्या शिशाने सगळे यंत्र बंद पाडले होते. याची चाचणी सोपी आहे. पाच काडतुसे भरण्यापूर्वी त्यांतल्या एकाची लांबी कॅलिपरने मोजा, त्याच्या बुडावर पेनने खूण करा, बाकीची चार उडवा आणि खुणेचे काडतूस काढून पुन्हा मोजा. दोन्ही प्रकारांसाठी हे तीन-तीन वेळा करावे. वॉडकटरमध्ये हा दोष क्वचितच आढळतो. आपली खरी परीक्षा गोल टोकाच्या काडतुसांची होणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रायमरवरचा ठसा. उडालेल्या पुंगळीच्या बुडावर घोड्याच्या टोकाचा स्पष्ट, खोल, मधोमध पडलेला खळगा दिसायला हवा. ठसा उथळ असेल किंवा एखादे काडतूस पहिल्या ठोक्याला उडाले नाही, तर शस्त्र जाणत्या कारागिराला दाखवावे. कोणी चाप हलका व्हावा म्हणून आतली स्प्रिंग बदलली असण्याची शक्यता असते. सरावात चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. आणि बार झाला पण आवाज फुसका आला, झटका जवळजवळ जाणवलाच नाही, तर ताबडतोब थांबावे : गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागून दुसरी उडवणे म्हणजे नळी फोडणे होय.

पुंगळ्या बाहेर काढताना नळी आकाशाकडे करून सिलिंडरची पुंगळ्या ढकलणारी काडी एकदाच, जोरात दाबावी. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरची काडीही आखूड असते आणि ती पुंगळीला पूर्ण बाहेर ढकलत नाही; उरलेले काम गुरुत्वाकर्षणाला करू द्यावे. शिशाच्या गोळ्यांचा सराव झाल्यावर हात व चेहरा साबणाने आणि थंड पाण्याने धुवावा, आणि त्याआधी तोंडात काही घालू नये. कान झाकल्याशिवाय एकही बार करू नये.

काडतुसे कमी असली, तरी सराव कमी असण्याचे कारण नाही. आपल्या शस्त्राचा चाप घोडा मागे न ओढता दाबायला साधारण पाच किलोंचा जोर लागतो, आणि तो जोर लावताना माशी न हलवणे हे सगळे कौशल्य आहे. ते रिकाम्या शस्त्रानेच शिकले जाते. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, सिलिंडर डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासून, प्लॅस्टिकची खोटी काडतुसे भरून, समोर भक्कम भिंत असेल अशा दिशेला रोज दहा मिनिटे चाप ओढा. माशीवर एक छोटे नाणे ठेवून ते पडू न देता चाप ओढता आला, म्हणजे समजा की हात तयार झाला. मनगट दुखू लागले, तर त्या दिवशी थांबा. आणि जाड रबरी मूठ बसवून घेता आली, तर ती बसवा. वजन थोडे वाढेल, पण मनगट आपले आभार मानेल.

ठेवणीविषयी थोडेसे. तेल हा काडतुसाचा शत्रू आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने आठवड्यातून एकदा, भरलेल्या रिव्हॉल्व्हरवर गंज घालवणारे पातळ तेल मनोभावे फवारले होते; सहा महिन्यांनी मैदानावर पाचांपैकी दोन काडतुसांनी नुसता टक् असा आवाज केला. ते तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपले होते. शस्त्र रिकामे करून साफ करावे, सिलिंडरची भोके कोरडी पुसावीत आणि मगच भरावे. भरलेली पाच काडतुसे वर्षातून एकदा सरावात उडवून नवी घालावीत. शस्त्र आपल्या ताब्यात नसेल तेव्हा कुलपात असावे. घरी मुले येत असतील, तर याला अपवाद नाही.

आणि ज्या खोलीत आपण झोपता, तिथे एकदा दिवसाउजेडी उभे राहून पाहा की दाराच्या दिशेला गोळी सुटली, तर तिच्या मागे काय आहे. या दोन्ही प्रकारच्या गोळ्या पातळ आडभिंतीतून पलीकडे जातात. पलीकडे कोणी झोपत असेल, तर आपली उभी राहण्याची जागा बदला. दार बंद, फोन हातात आणि मोठ्याने दिलेला इशारा यांची तालीमही त्याच जागेवरून करा. स्वसंरक्षणात बळ कधी आणि किती वापरता येते, याविषयी आपल्याकडच्या कायद्याच्या जाणकाराशी एक तास बोलून घ्यावे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही आणि कोणतेही काडतूसही देऊ शकत नाही.

पतीची ती १८ काडतुसे कचऱ्यात किंवा पाण्यात टाकू नयेत. ती परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा परवाना देणाऱ्या कार्यालयात रीतसर जमा करून पोच घ्यावी आणि आपल्या नोंदीत ती संख्या वजा झाली आहे, हे पाहून घ्यावे. पट्टा आठवण म्हणून अवश्य जपून ठेवा, रिकामा. आणि मैदानावर जाऊन आलात की खुणेच्या काडतुसाचे माप आधी किती होते आणि नंतर किती आले, ते दोन्ही प्रकारांसाठी मला लिहून कळवा. गोल टोकाची गोळी थोडीही सरकलेली आढळली, तर जादा पाचही वॉडकटरच ठेवायची आणि ती अडखळता भरण्याचा वेगळा सराव कसा करायचा, ते मी पुढच्या पत्रात लिहीन.